छाप कोणी पाडायची?

2 आणि 3 मार्च 2024 रोजी बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात पुणे विभागाचा नमो महारोजगार मेळावा भरला. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली मुले-मुली आली होती. उद्घाटनाला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार होते. शरद पवारही त्याच व्यासपीठावर होते. साहजिकच दुसऱ्या दिवशी चर्चा रंगली ती व्यासपीठाची. कोण कोणाशेजारी बसले, कोणाशी बोलले, किती हजार जागांची घोषणा झाली. मंडपात टेबलाच्या दोन बाजूंना जे घडते, त्यावर मात्र अशा मेळाव्यांनंतर कोणी फारसे लिहीत नाही. तिथे खुर्चीवर कंपनीचा किंवा ठेकेदाराचा माणूस असतो, समोर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीटच्या झेरॉक्स घेतलेला एखादा आयटीआयचा फिटर असतो आणि मागे रांग.

या फिटरला एक उपदेश गेली काही वर्षे सातत्याने केला जातो. मेळाव्याआधीच्या मार्गदर्शन सत्रात, कॉलेजच्या प्लेसमेंट कक्षात, मोबाइलवरच्या व्हिडिओत तो एकाच सुरात येतो. दोन मिनिटांत छाप पाडा. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. नजरेला नजर द्या, हात घट्ट मिळवा. स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करून ठेवा. आणि पहिल्या भेटीत पगाराचा विषय काढू नका. उपदेशाच्या पोटात एक निदानही असते: ग्रामीण भागातल्या मुलांकडे कौशल्य आहे, पण त्यांना स्वतःला मांडता येत नाही, म्हणून नोकरी मिळत नाही.

हे निदान चुकीचे आहे, आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तर त्याने सरळसरळ नुकसान होते. व्यवस्थेने ज्या गोष्टी लपवल्या किंवा तपासल्याच नाहीत, त्यांचा दोष ते मुलाच्या इस्त्रीवर आणि उच्चारांवर टाकते.

आधी या पट्ट्यात काम कसले आहे ते पाहावे. बारामती एमआयडीसीत पियाजिओची आपे ही तीनचाकी 1999 पासून बनते आणि 2012 पासून वेस्पाही. भारत फोर्जमध्ये घडाई आणि मशीनिंग चालते. आधी आयएसएमटीच्या आणि आता किर्लोस्कर समूहाकडे असलेल्या कारखान्यात सीमलेस ट्यूब तयार होतात. श्रायबर डायनामिक्समध्ये दुधावर प्रक्रिया होते, फेरेरोच्या कारखान्यात चॉकलेट आणि गोळ्या. टेक्सटाइल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. तिकडे इंदापूर तालुक्यात लोणी देवकरची एमआयडीसी आहे, भिगवणची कागद गिरणी आहे, साखर कारखाने आहेत. वालचंदनगरच्या कारखान्यात तर इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटर केसिंग आणि अणुवीज केंद्रांसाठी यंत्रसामग्री घडली आहे.

यातल्या बहुतेक जागांवर ज्या माणसाची गरज आहे, त्याची पारख हस्तांदोलनावरून होत नाही. टर्नरने मायक्रोमीटर हातात घेतला की त्याला काम येते की नाही हे जुना फोरमन मिनिटभरात सांगतो. वेल्डरचा जोड फोडून पाहता येतो. ड्रॉइंग समोर ठेवून ‘यातला टॉलरन्स कुठे लिहिलाय दाखव’ एवढे विचारले तरी पुरते. दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत बसायचे असेल तर फॅट आणि एसएनएफ म्हणजे काय, नमुना कसा घ्यायचा, हे विचारावे. मेळाव्याच्या टेबलावर यातले काही नसते. मायक्रोमीटर नसतो, ड्रॉइंग नसते, बहुतेक वेळा फोरमनही नसतो. तिथे असतो तो एचआरचा तरुण माणूस, ज्याने स्वतः कधी मशीन चालवलेले नाही आणि ज्याला संध्याकाळपर्यंत दोनशे बायोडाटा गोळा करायचे आहेत. त्याच्याजवळ तपासायला दुसरे काहीच साधन नसल्यामुळे तो जे दिसते तेच तपासतो: कपडे, बोलणे, आडनाव, गाव.

असल्या मुलाखतीला किती किंमत द्यावी, यावर मानसशास्त्रात गेली शंभर वर्षे मोजमापे होत आली आहेत. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये त्या सगळ्यांचा फेरहिशेब मांडला. सर्व उमेदवारांना ठरलेले, कामाशी जोडलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कामगिरी यांचा सहसंबंध 0.42 निघाला. कामाच्या ज्ञानाच्या चाचणीचा जवळजवळ तेवढाच, 0.40. आणि ‘स्वतःबद्दल सांगा’पासून सुरू होऊन मनाला येईल तशी चालणारी मुलाखत? 0.19. म्हणजे ज्या मुलाखतीची तालीम मुलांकडून करून घेतली जाते, ती कामाचा माणूस निवडण्यात सर्वांत कच्च्या पद्धतींपैकी एक आहे. त्यात उत्तम गुण मिळवण्याचे तंत्र शिकवले तर उमेदवारांचा क्रम बदलेल, निवड सुधारणार नाही.

दिसण्यावरून आणि नावावरून पारख करण्याचे परिणाम काय होतात, हेही आपल्याकडे मोजले गेले आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत 2005 पासून एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना चार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावाचा: काही नावे उच्चजातीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या उमेदवाराला सुमारे एक तृतीयांश. तिथे तर चेहराही समोर नव्हता. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन दिल्लीतल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलले, तेव्हा ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारे अधिकारीच ‘घरची पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक मानत होते. आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व, छाप हे शब्द ऐकताना हे दोन अभ्यास आठवायला हवेत. ज्या घरात आधीच कोणी कंपनीत आहे, त्या घरच्या मुलाला हा आत्मविश्वास जेवणाच्या ताटावर मिळतो. ऊसतोड करणाऱ्याच्या किंवा भिगवणच्या मच्छीमाराच्या मुलीला तो दोन तासांच्या सत्रात द्यायचा म्हणजे काय द्यायचे?

आता उपदेशातला सर्वांत घातक भाग. पगार विचारू नका.

इंदापूर गाव बारामतीपासून 50 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या मुलाला नोकरी लागली तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: रोज येणे-जाणे किंवा बारामतीत खोली करून राहणे. दोन्हींचा खर्च त्याला तोंडपाठ असतो. कंपनीची बस भिगवणपर्यंत येते की नाही, रात्रपाळी सुटल्यावर घरी कसे जायचे, खोलीभाडे वजा जाता घरी किती पाठवता येईल, यावर त्याचा होकार-नकार ठरतो. आणि त्याला सांगितले जाते की हे प्रश्न विचारलेस तर तू लालची दिसशील, छाप बिघडेल. जो प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही समजूतदार माणूस गडी म्हणूनही कोणाच्या शेतात पाऊल टाकत नाही, तोच प्रश्न शिकलेल्या मुलाने गिळायचा.

तो गिळल्यावर काय होते, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा टेबलावर सांगितले, ‘सव्वासतरा हजार सीटीसी’, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. समजा सबंध पगार 15,000 रुपये धरला आहे. त्यावर कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी 12 टक्के, म्हणजे 1,800. कंपनीचा राज्य कामगार विम्याचा (ईएसआय) हप्ता 3.25 टक्के, म्हणजे सुमारे 488. झाले 17,288. आता मुलाच्या हिश्शातून जाणारे पाहा: पीएफचे 1,800, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 113, व्यवसाय कर 200. हातात उरतात 12,887. कॅन्टीन आणि बसची कपात याच्या पुढची. सांगितलेला आकडा आणि हातातला आकडा यांत 4,400 रुपयांचे अंतर पडले, आणि यात बेकायदा काहीही नाही. पीएफ त्याचाच आहे, विम्याचा उपयोगही त्याला होतो. पण हे त्याला पहिल्या पगाराच्या दिवशी कळते, खोलीचे डिपॉझिट भरून झाल्यावर. मग तो आठ-पंधरा दिवसांत निघून जातो आणि एचआरच्या बैठकीत वाक्य तयार होते की आजकालची पोरं टिकत नाहीत.

दुसरा न विचारलेला प्रश्न याहून मोठा: मी कोणाच्या रोलवर? एमआयडीसीच्या गेटवर हा भेद सगळ्यांना माहीत असतो. कंपनी रोल वेगळा, ठेकेदाराचा कामगार वेगळा, ट्रेनी वेगळा, अप्रेंटिस वेगळा. मेळाव्याच्या फलकावर मात्र चौघांचीही बेरीज ‘जागा’ या एकाच आकड्यात होते. शिकाऊ उमेदवारी ही वाईट गोष्ट नाही, चांगल्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस राहिलेला मुलगा आयुष्यभराचे काम शिकून बाहेर पडतो. पण 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट आहे. कलम 18 नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. 2019 च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन ठरले ते दहावी उत्तीर्णाला 6,000, आयटीआयवाल्याला 7,000, पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000. ही रक्कम ‘नोकरी’ म्हणून सांगणे आणि ‘शिक्षण’ म्हणून सांगणे यात त्या घराच्या वर्षभराच्या नियोजनाचा फरक आहे. ठेकेदाराकडच्या कामाचेही तसेच. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकली होती. ही तरतूद मुलांना ठाऊक असती तर मूळ कंपनी कोणती, हे तरी त्यांनी लिहून घेतले असते. मार्गदर्शन सत्रांत टाय बांधायला वेळ मिळतो, यासाठी मिळत नाही.

यावर कारखानदारांच्या बाजूने जे म्हटले जाते, ते नीट ऐकून घ्यायला हवे. पहिले म्हणणे असे की माल निर्यात होतो, ऑडिटला परदेशी ग्राहक येतात, इंग्रजी लागतेच. लागते, पण कोणती इंग्रजी? मशीनवरचा इशारा, कामाच्या पद्धतीचा तक्ता, तपासणीचा कागद वाचता येणे ही खरी गरज आहे, आणि ती एक परिच्छेद वाचायला देऊन तपासता येते. पाठ केलेल्या इंग्रजी ओळखीतून ती कळत नाही. दुसरे म्हणणे जास्त वजनदार आहे: शॉप फ्लोअरवर बोलता येणे गरजेचे असते. पाळी बदलताना मागच्या माणसाने काय बिघडले ते पुढच्याला सांगितले नाही तर माल रिजेक्ट होतो, गार्ड निखळलेला असताना कोणी तोंड उघडले नाही तर बोट जाते. हे शंभर टक्के खरे आहे. म्हणून तेच तपासावे, आणि ज्या भाषेत ते शॉप फ्लोअरवर बोलले जाणार आहे त्या भाषेत तपासावे. ‘मशीन चालू असताना आवाज बदलला, सुपरवायझर जागेवर नाही, तू काय करशील?’ हा प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर ऐका. ज्याला अडचण दिसल्यावर बोलता येते, तोच उद्या पगाराचा प्रश्नही विचारेल. एका प्रश्नाला धीट माणूस हवा आणि दुसऱ्याला मुका, असे मालकांना करता येणार नाही.

नीटनेटके राहू नये, वेळेवर येऊ नये, असे कोणी म्हणत नाही. स्वच्छ शर्ट घालावा. पण बायोडाटाच्या अर्ध्या पानावर ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला’ असे छापण्याऐवजी त्याच जागेत कोणत्या मशीनवर किती महिने काम केले, कोणता कंट्रोल हाताळला, कोणती मोजमापाची साधने वापरता येतात, हे लिहिलेले फोरमनच्या उपयोगाचे आहे. एखाद्या मुलीने टेक्सटाइल पार्कसाठी अर्ज करताना स्वतः शिवलेला नमुना बरोबर नेला, तर तो तिच्या वतीने बोलेल.

मेळावे निरुपयोगी आहेत, असाही अर्थ नाही. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, अर्थशास्त्रज्ञांनी रोजगार मेळावे भरवून त्यांचा परिणाम मोजला. मुले आणि कंपन्या भरपूर बोलल्या, पण सहभागी झालेल्या साधारण दहा कंपन्यांमागे एकच नोकरी लागली. एक कारण असे दिसले की दोन्ही बाजू एकमेकांविषयी चुकीचे अंदाज बांधून आल्या होत्या. तरीही मेळाव्यातून आलेल्या कमी शिकलेल्या मुलांना बाजारातली खरी परिस्थिती कळली, त्यांनी पुढे जोमाने शोध घेतला आणि त्यांची स्थिती सुधारली. एमिली बीम यांच्या फिलिपिन्सच्या ग्रामीण भागातल्या 2016 च्या अभ्यासात मेळाव्याला गेलेल्यांत संघटित क्षेत्रातली नोकरी मिळण्याचे प्रमाण 10.6 टक्के बिंदूंनी वाढले, आणि तेही मुख्यतः ती माणसे आपल्या भागाबाहेर काम शोधू लागल्यामुळे. दोन्ही ठिकाणी उपयोग झाला तो माहितीचा. मेळाव्याचे खरे काम माहिती देणे हेच असेल, तर ती देण्याचे ओझे ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यावर पडते. पगार, रोल, पाळी, बस हे सारे टेबलामागे बसलेल्याला माहीत असते, रांगेतल्याला नसते. छाप पाडायचीच तर ती कंपनीने पाडावी.

यासाठी नवे काही शोधायला नको. 1959 च्या सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) कायद्यानुसार 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या होत्या. पुढच्या वर्षीच्या नियमांत मालकाने काय काय लिहायचे तेही दिले होते: कामाचे स्वरूप, लागणारी पात्रता, जागा कायम की तात्पुरत्या आणि किती, वेतन व भत्ते, कामाचे ठिकाण, मुलाखत कुठे आणि केव्हा. साठ वर्षांपूर्वीच्या सरकारला उमेदवाराला काय कळायला हवे ते नेमके ठाऊक होते. ती सक्ती पुढे बहुतांशी कागदावर राहिली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत रिक्त जागा कळवण्याची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणेही बंधनकारक झाले आहे. मेळावे भरवणाऱ्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाने एवढी एकच अट घालावी: ज्या कंपनीला स्टॉल हवा, तिने हे तपशील मोठ्या अक्षरांत फलकावर लावावेत. हातात येणारा पगार. कोणाचा रोल. किती महिन्यांनी ब्रेक, म्हणजे सेवेत खंड. बस कुठून. अप्रेंटिसच्या जागा आणि नोकरीच्या जागा वेगळ्या स्तंभांत, वेगळ्या बेरजेने.

कंपन्या मग येणारच नाहीत, ही भीती लगेच व्यक्त होईल. ज्यांना बायोडाटांचा गठ्ठा आणि फोटो हवा आहे त्या येणार नाहीत. ज्यांना माणसे हवी आहेत, त्यांचे यात नुकसान काहीच नाही. पगार आधी कळल्यावर जो मुलगा नकार देणार आहे, त्याने मेळाव्यात नकार दिलेला प्रशिक्षणानंतर पंधराव्या दिवशी दिलेल्या नकारापेक्षा स्वस्त पडतो. आणि एचआरच्या जोडीला एक फोरमन पाठवणे कोणत्याही कारखान्याला जड नाही. बारामतीत आणि इंदापुरात शासकीय आयटीआय आहेत, त्यांच्या कार्यशाळांत लेथ आणि वेल्डिंगचे बूथ आहेत. मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिथे ट्रेडनिहाय चाचणी घेऊन तिचा निकाल मुलाच्या हातात दिला, तर दुसऱ्या दिवशी टेबलापाशी बोलायला दोघांकडेही काहीतरी असेल: त्याच्याकडे स्वतःच्या कामाचा कागद, समोरच्याकडे स्वतःच्या अटींचा फलक. पुढच्या मेळाव्याची तारीख ठरवताना विभागीय कार्यालयाने मंडपवाल्याच्या आधी या दोन आयटीआयच्या प्राचार्यांना फोन करावा.